कोठडीतील मृत्यू आणि साक्षीचा प्रश्न

१

कोठडीत घडलेल्या मृत्यूचा वाङ्मयीन अंगाने विचार करू लागले म्हणजे करुणेच्याही आधी निवेदकाचा प्रश्न समोर येतो. रणांगणावरील मृत्यूला दोन्ही पक्षांचे साक्षी असतात. रोगशय्येभोवती आप्तस्वकीय असतात. भर रस्त्यात झालेल्या खुनासदेखील एखादा वाटसरू साक्षी मिळू शकतो. पोलिसांच्या कोठडीत मात्र ज्यांच्या ताब्यात माणूस असतो त्यांच्याखेरीज त्याच्याजवळ कोणीच नसते, आणि तो मेला म्हणजे त्याच्या अखेरच्या तासांची हकिगत सांगण्याचा अधिकारही त्यांच्याचकडे जातो. १९८५ साली 'उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध रामसागर यादव' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमकी हीच अडचण नोंदविली. ताब्यातील माणसास इजा कशी झाली हे सांगू शकणारे पोलिसच असतात, आणि बंधुभावामुळे ते सहसा बोलत नाहीत, असे न्यायालयास आढळून आले. न्यायशास्त्र या अडचणीस पुराव्याचा प्रश्न म्हणते. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत हाच निवेदनाचा प्रश्न होय. हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत, आणि म्हणून या विषयावरील ललितकृतींचे मूल्यमापन करताना कायद्याचा इतिहास बाजूस ठेवता येत नाही, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

या विचारास कोलकाता हे नगर विशेष सोयीचे आहे. कारण कोठडीतील मृत्यूचे जगप्रसिद्ध असे एक आख्यान याच नगरात जन्मास आले. २० जून १७५६ च्या रात्री फोर्ट विल्यममधील एका लहान कोठडीत १४६ जण कोंडले गेले आणि त्यांपैकी १२३ जण सकाळपर्यंत गुदमरून मेले, असे तीतून वाचलेल्या हॉलवेलने लिहून ठेवले. या आकड्यांवर इतिहासकारांनी पुढे गंभीर आक्षेप घेतले. बंगालीत अक्षयकुमार मैत्रेय यांनी या हकिगतीच्या सत्यतेबद्दलच शंका उपस्थित केली. परंतु हॉलवेलच्या मागे एका उदयोन्मुख साम्राज्याचे बळ होते, आणि म्हणून त्याच्या निवेदनास पाठ्यपुस्तकांत जागा मिळाली व चौकात स्मारकही मिळाले. सुभाषचंद्र बोस यांनी चालविलेल्या आंदोलनानंतर १९४० साली ते स्मारक डलहौसी चौकातून हलविण्यात आले. हा चौक आणि कोलकाता पोलिसांचे लालबाजार येथील मुख्यालय यांच्यामधील अंतर काही मिनिटांत पायी तोडता येण्याजोगे आहे. एका ठिकाणच्या मृत्यूंची हकिगत साऱ्या जगाने ऐकली. दुसऱ्या ठिकाणी जे घडले ते ऐकविण्यासाठी कित्येक वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. कोठडीतील मृत्यू लोकांच्या स्मरणात राहतो की नाही, हे पुष्कळदा मृतांच्या संख्येपेक्षा निवेदकाच्या बळावर ठरते, हा या शेजाराचा बोध होय.

२

१९७० नंतरच्या काही वर्षांत नक्षलवादी चळवळ आणि तिचा बीमोड यांमुळे बंगालमध्ये जे घडले त्याची सर्वसाधारण रूपरेषा वाचकांस परिचित आहे. येथे दोनच उदाहरणे पुरेशी होतील. कवी, पत्रकार आणि रोमाँ रोलाँच्या लेखनाचे बंगाली अनुवादक सरोज दत्त हे ऑगस्ट १९७१ मध्ये नाहीसे झाले. पोलिसांनी त्यांना पकडून नेले आणि मारले असे त्यांचे सहकारी सांगत आले; पोलिसांच्या दप्तरी मात्र ते बेपत्ताच राहिले. चळवळीचे नेते चारू मजुमदार यांना जुलै १९७२ मध्ये कोलकात्यात अटक झाली, आणि २८ जुलै रोजी ते अटकेत असतानाच मरण पावले. येथे अटकेची नोंद होती. वाद राहिला तो मृत्यूच्या कारणाचा. पहिल्या उदाहरणात कोठडीच नाकारलेली आहे, तर दुसऱ्यात कोठडी मान्य असून तिच्या आतील वेळ तेवढा अंधारात आहे. नोंदच नसणे आणि एकाच हाताने केलेली नोंद असणे, असे हे अंधाराचे दोन प्रकार आहेत. संबंधितांच्या राजकीय मतांविषयी वाचकाचे काहीही मत असो. मताच्या विचारात न पडता हे दोन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत.

ज्या आदेशाने या दोन्ही अंधारांवर उपाय सुचविला त्याचा उगमही याच राज्यात आहे. पश्चिम बंगालमधील कायदेविषयक साहाय्य देणाऱ्या एका संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी २६ ऑगस्ट १९८६ रोजी भारताच्या सरन्यायाधीशांस पत्र लिहिले. पत्रासोबत वर्तमानपत्रांची कात्रणे होती. कोठडीतील मृत्यूंच्या बातम्या छापून येतात आणि विरून जातात, तेव्हा न्यायालयाने यात लक्ष घालावे, असा त्या पत्राचा आशय होता. न्यायालयाने ते पत्र याचिका म्हणून स्वीकारले, आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी न्या. कुलदीप सिंग व न्या. आनंद यांच्या पीठाने निकाल देऊन अटकेच्या वेळी पाळावयाच्या अकरा गोष्टी ठरवून दिल्या. पकडणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचे नाव व हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. अटकेचा लेख जागेवरच झाला पाहिजे. त्यावर वेळ व तारीख हवी, घरच्या माणसाची किंवा त्या वस्तीतील प्रतिष्ठिताची साक्ष हवी आणि पकडलेल्या माणसाचीही सही हवी. नातलगास किंवा मित्रास खबर गेली पाहिजे. अंगावरील जखमा आधीच नोंदविल्या पाहिजेत. दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. चौकशीच्या काळात वकिलाची भेट मिळाली पाहिजे. सगळ्या कागदांच्या प्रती दंडाधिकाऱ्याकडे गेल्या पाहिजेत. यांतील पुष्कळशा गोष्टी पुढे संहितेत आल्या, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही त्या आहेत. कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करावयाची, ही २००५ सालच्या दुरुस्तीने आलेली तरतूदही तीत कायम आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने ही अकरा कलमे एकदा वाङ्मयीन दृष्टीने वाचून पाहावीत. पात्राचे नाव, काळ, स्थळ, शरीराची अवस्था आणि एकाहून अधिक दृष्टिकोन यांचा आग्रह त्यांत ओळीने येतो. एकाच सर्वज्ञ निवेदकावर विसंबू नका, असे कायदा येथे पोलिसांस बजावतो आहे. कथनाचे जे व्याकरण कादंबरीने कलेच्या प्रांतात सिद्ध केले, त्याच्याशी मिळतेजुळते असे व्याकरण न्यायालयास जीविताच्या रक्षणासाठी घालून द्यावे लागले.

येथे दोन भाषांतील दोन शब्दांकडे लक्ष वेधावेसे वाटते. मृतदेहाच्या तपासणीचा जो लेख होतो त्याला बंगालीत 'सुरतहाल' हा शब्द रूढ आहे. मराठीत आपण 'पंचनामा' म्हणतो. दोन्ही शब्द फारसीच्या वाटेने आलेले, आणि अनुवादक एकाच्या जागी दुसरा निःशंकपणे ठेवतो. तरी त्यांची नजर वेगवेगळी आहे. 'सुरतहाल' मृताच्या रूपाची, त्याच्या चेहऱ्यामोहऱ्याची अवस्था पाहतो. 'पंचनामा' पाहणाऱ्या पंचांना पुढे आणतो. एका शब्दात चेहरा आहे, तर दुसऱ्यात साक्ष. कोठडीविषयीच्या कोणत्याही लेखनाकडून, मग तो न्यायालयाचा कागद असो वा कादंबरी, या दोन्हींची अपेक्षा करावयास हवी. केवळ चेहरा दाखविणारे लेखन हळहळ उत्पन्न करून थांबते. उलट साक्षीपलीकडे ज्यात काही नसते त्या लेखनाचा अहवाल होतो.

३

या कसोटीवर महाश्वेतादेवींची 'हाजार चुराशीर मा' ही कादंबरी (पुस्तकरूपाने १९७४) प्रथम घ्यावयास हवी. तिच्यातील ब्रतीचा मृत्यू तांत्रिक अर्थाने कोठडीतील मृत्यू नव्हे. तो मारेकऱ्यांच्या टोळीकडून मारला जातो, आणि पोलिसांचे मौन त्या कृत्याच्या पाठीशी उभे आहे. परंतु मरणानंतर तो पूर्णपणे सरकारी ताब्यात जातो. काँटापुकुरच्या शवागारात त्याला १०८४ हा क्रमांक मिळतो, आणि त्याचे नाव वर्तमानपत्रात येऊ नये म्हणून त्याचा बापच खटपट करतो. शीर्षकातील षष्ठी विभक्ती येथे बोलकी आहे. आई मुलाची असावयाची. येथे ती एका आकड्याची आहे. बंगाली 'र' आणि मराठी 'ची' यांत हा अर्थ सारखाच उतरतो, आणि अनुवादकाच्या वाट्यास क्वचितच येणारे असे हे भाग्य आहे.

कादंबरीचा खरा पराक्रम तिच्या रचनेत आहे. सुजाता ही आई मुलाच्या मृत्यूची साक्षी नाही. तिला कोणी काही सांगितलेलेच नाही. दोन वर्षांनंतरच्या एका दिवसात ती सोमूच्या आईकडे जाते, नंदिनीस भेटते, आणि तुकड्यातुकड्यांनी मुलाची हकिगत गोळा करते. नंदिनीने पोलिसांच्या चौकशीत प्रखर दिव्यांचा मारा सोसलेला आहे व तिच्या दृष्टीवर त्याचा परिणाम झालेला आहे; म्हणजे कोठडीच्या आतील साक्ष तिच्या डोळ्यांतच उरलेली आहे. ब्रतीच्या मनात शिरून त्याचे अखेरचे क्षण रंगविण्याचा मोह लेखिकेने टाळला, आणि या संयमामुळे तिच्या लेखनास विश्वासार्हता लाभली. लेखकाने मृताचा आवाज स्वतःच्या ताब्यात घेणे हीदेखील एक प्रकारची कोठडीच होय. या कादंबरीतील आई तपास करते. तिच्याकरिता लेखिका साक्ष बनवीत नाही. संध्याकाळच्या मेजवानीचा भाग मात्र या मानाने उणा वाटतो. तेथील उच्चभ्रू मंडळी आधीच दोषी ठरवून उभी केलेली आहेत, त्यांना आपली बाजू मांडण्याची संधीच नाही; आणि ज्या कृतीने सकाळ-दुपारच्या प्रकरणांत प्रत्येक साक्षीदारास इतक्या धीराने ऐकून घेतले, तिने येथे सुनावणीवाचून निकाल द्यावा हे खटकते.

'द्रौपदी' या कथेत (संग्रह 'अग्निगर्भ', १९७८) हीच लेखिका एक पाऊल पुढे जाते. कथेचा आरंभ पोलिसी नोंदीने होतो: नाव, वय, नवऱ्याचे नाव, ठिकाण. सरकारी कागदाची भाषा कथेच्या तोंडाशीच बसविलेली आहे. सेनानायक हा ज्यास शत्रूला जाणून घेण्याचा अभिमान आहे असा पुरुष. ताब्यात आलेल्या दोपदीवर त्याच्या माणसांकडून बलात्कार होतो, आणि सकाळी ती वस्त्र नाकारून त्याच्यासमोर उभी राहते. एका नि:शस्त्र स्त्रीसमोर सेनानायकास प्रथमच भय वाटते. येथे सुरतहाल आणि पंचनामा एकाच देहात एकत्र आले आहेत: जखमी शरीर हाच पुरावा, आणि ते दाखविणारी तीच साक्षी. पोलिसांच्या चकमकीत मारले जाणे या अर्थाने वस्तीवरच्या लोकांनी इंग्रजी शब्द तोडून जे रूप केले आहे, तेही कथेत येते. शब्दाचे हे मोडलेले रूप अनुवादकाने सुधारू नये. त्या मोडण्यातच लोकांची साक्ष आहे.

ताब्यात घेणाऱ्यानेही लेखणी उचलली, याचे उदाहरण कोलकात्यातच मिळते. १९७४ साली लालबाजार येथे झालेल्या छळाबद्दल अर्चना गुहा यांनी १९७७ मध्ये फिर्याद केली; तिचा कनिष्ठ न्यायालयातील दोषसिद्धीचा निकाल लागावयास १९९६ साल उजाडले. त्या खटल्यातील आरोपी अधिकारी रुणू गुहनियोगी यांनी 'सादा आमि कालो आमि' या नावाने आपले आत्मकथन लिहिले. असे पुस्तक लिहिले जाऊ नये, असे कोणीही म्हणणार नाही. समीक्षकाने एवढेच ध्यानात ठेवावयाचे, की एका पक्षास आपली कहाणी सांगण्यासाठी दप्तर, हुद्दा आणि पुढे पुस्तकही मिळते. दुसऱ्या पक्षास साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत पोहोचण्यासच जवळजवळ दोन दशके लागतात.

४

आता मराठीकडे वळू. कोलकात्याच्या त्या १७५६ सालच्या कोठडीस समांतर अशी एक कोठडी पुण्याच्या इतिहासातही आहे. १७९१ साली शहर कोतवाल घाशीराम याच्या कैदेत दाटीने कोंडलेले वीसहून अधिक तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, आणि प्रक्षोभ होऊन घाशीरामास दगडांनी ठेचून मारण्यात आले. विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' (प्रथम प्रयोग १६ डिसेंबर १९७२) या नाटकामुळे ही घटना देशभर पोहोचली. ज्या वर्षी चारू मजुमदार अटकेत मरण पावले त्याच वर्षी हे नाटक रंगभूमीवर आले, हा केवळ योगायोग. परंतु तो विचार करावयास लावणारा आहे.

तेंडुलकरांचे लक्ष कोठडीवर नाही. कोतवाल घडविणाऱ्या आणि गरज संपताच त्याला गर्दीच्या हवाली करणाऱ्या सत्तेवर आहे. नाना सुरक्षित राहतो, हा नाटकाचा निष्कर्ष आहे. त्या दृष्टीने नाटकाची रचना निर्दोष आहे, आणि त्याच्याकडून वेगळ्या नाटकाची मागणी करणे अन्यायाचे होईल. तथापि एक गोष्ट नोंदवावयास हवी. कोठडीत मेलेल्यांपैकी एकालाही येथे नाव नाही. ते समुदाय म्हणून येतात, समुदाय म्हणून मरतात. आणि प्रेक्षकाच्या मनात घाशीराम उरतो, नाना उरतो, मृत उरत नाहीत. शिवाय त्या मृतांचा सूड चौकशीवाचून, जमावाच्या हातून घेतला जातो. एका कोठडीचे उत्तर दगड हे असेल तर साक्षीचा प्रश्न सुटत नाही. तो कायमचा बुजतो. हे नाटक सत्तेचे मर्मभेदक चित्र आहे यात शंका नाही. पण कोठडीविषयीचे मराठीचे सांगणे तेथेच पूर्ण झाले, असे मानून चालणार नाही.

ते सांगणे पुढे नेले ते लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ने. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनास पुढील वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, परंतु पोलिसांच्या नजरेतून तो गेला नाही. 'उचल्या'त झडती, मार आणि हप्ता या गोष्टी विशेष प्रसंग म्हणून येत नाहीत, ऋतुमानाप्रमाणे येतात. लेखकाचा स्वर चढत नाही. ज्या घरात पोलिसांचा मार हा नेहमीचा व्यवहार आहे तेथे आश्चर्याचे उद्गार कोठून येणार? बंगाली कादंबरीतील सुजाता कोठडीच्या जगात प्रथमच पाऊल टाकते. गायकवाडांचा निवेदक त्या जगाच्या उंबरठ्यावरच जन्मलेला आहे. म्हणून सुजातेच्या वाट्यास शोध येतो आणि त्याच्या वाट्यास गणती. मध्यमवर्गीय मुलाच्या मृत्यूने हेलावणाऱ्या वाचकास ही गणती वाचणे अधिक जड जाते, आणि तसे जावे हेच इष्ट.

५

महाश्वेतादेवी आणि गायकवाड हे दोन लेखक १९९८ साली एकाच कार्यात एकत्र आले, आणि त्याचे निमित्त एक कोठडीच होती. पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात खेडिया सबर या जमातीतील बुधन सबर याला फेब्रुवारी १९९८ मध्ये पोलिसांनी पकडले. काही दिवसांतच तो मरण पावला. त्याने गळफास लावून घेतला, असे सांगण्यात आले. खेडिया सबरांच्या कल्याणार्थ काम करणाऱ्या समितीच्या वतीने महाश्वेतादेवींनी कलकत्ता उच्च न्यायालयात दाद मागितली. बुधनच्या माणसांनी त्याचा देह जाळू न देता पुरून ठेवला होता; देह शिल्लक राहिला म्हणून पुरावाही शिल्लक राहिला. न्या. रुमा पाल यांनी त्याच वर्षी प्रकरणाची चौकशी केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविण्याचा आणि बुधनच्या पत्नीस भरपाई देण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी महाश्वेतादेवी, गणेश देवी व लक्ष्मण गायकवाड यांनी भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी कृतिगट उभा केला, आणि अहमदाबादच्या छारानगरातील तरुणांनी 'बुधन' हे नाटक बसविले.

या प्रसंगाचे महत्त्व केवळ सामाजिक नाही. निरक्षर माणसांनी देह राखून ठेवला, ही त्यांची साक्ष होती. लेखिकेने त्या साक्षीला न्यायालयास समजेल अशा भाषेत मांडले; याला अनुवादाखेरीज दुसरे नाव नाही. येथे लेखिकेने मृताच्या वतीने बोलण्याचा हक्क गृहीत धरला नाही. त्याच्या माणसांकडे जे होते ते तिने योग्य त्या दारी नेले. 'हाजार चुराशीर मा'मध्ये जो संयम कलेचा नियम म्हणून दिसला, तोच येथे आचरणाचा नियम झाला. कलावंताची सामाजिक बांधिलकी कलेस मारक ठरते की पोषक, हा वाद आपल्याकडे दीर्घकाळ चालला आहे. या उदाहरणापुरते तरी म्हणता येईल, की कलेत साक्षीचा आदर करावयास शिकलेली लेखणी न्यायालयातही उपयोगी पडली.

६

मग कायद्याने आपले काम पुरे केले काय? तसे म्हणता येत नाही. विधि आयोगाने १९८५ सालच्या आपल्या ११३ व्या अहवालात एक साधी शिफारस केली होती: पोलिसांच्या ताब्यात असताना माणसास इजा झाल्याचे दिसले, तर ती त्या अधिकाऱ्याने केली असे गृहीत धरण्याची मुभा न्यायालयास असावी. पुराव्याचा भार यामुळे मुक्या मृतावरून बोलू शकणाऱ्या रक्षकावर गेला असता. ही शिफारस कायद्यात आली नाही. १८७२ चा पुराव्याचा कायदा जाऊन त्याच्या जागी २०२३ चा आला, त्यातही ती नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली, पण त्यास अद्याप मान्यता दिलेली नाही. छळ प्रतिबंधाचे विधेयक लोकसभेने २०१० साली संमत केले. ते पुढे व्यपगत झाले. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ठाण्यांत सर्वत्र कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला. कॅमेरा हाही एक साक्षीच. पण त्याची चित्रफीत ज्याच्या ताब्यात, त्याच्याच हाती त्याची जीभ, ही जुनी अडचण येथेही उरते.

अकरा कलमांनाही एक धोका आहे, आणि तो भाषेच्या माणसास लवकर कळावा. नमुना छापला गेला की तो भरता येतो. वेळ लिहिता येते, नेहमीचा पंच बोलावता येतो, जखमांच्या रकान्यात 'नाही' असा शब्द घालता येतो. आणि कोठडीचे सत्य दडविण्यासाठी निर्दोष मजकुराइतके सोयीचे साधन दुसरे नाही. म्हणून कायद्याच्या कागदास खऱ्या वाचकाची गरज असते. सहीखाली खरोखरच माणूस उभा होता काय, वेळ नंतर घातलेली आहे काय, सगळ्या ओळी एकाच हाताच्या कशा, असे विचारणारा तो वाचक. ज्या समाजाला कादंबरीतील एकाच निवेदकावर शंका घेण्याची सवय नाही, त्याला ठाण्याच्या दप्तरावर शंका घेणे सुचणे कठीण.

साहित्याने कायद्याची जागा घ्यावी, असे कोणी म्हणणार नाही. कादंबरीने एकही बंदी सोडविलेला नाही, आणि सुजातेच्या दुःखाने एकाही अधिकाऱ्यास शिक्षा झालेली नाही. परंतु कायद्यास ज्या प्रकारचा वाचक हवा तो घडविण्याचे सामर्थ्य साहित्यात आहे, आणि ते वापरावयाचे तर या कृतींचे वाचन केवळ करुणरसाच्या अंगाने होऊन चालणार नाही. मृताचे नाव काय, त्याला कोणी पाहिले, हकिगत कोण सांगतो आहे आणि ती तपासणारा दुसरा कोण, हे प्रश्न आपण कादंबरीस विचारले पाहिजेत, आणि वर्तमानपत्रातील चार ओळींच्या बातमीसही तेच विचारले पाहिजेत. डी. के. बसू यांच्या पत्राचा आरंभ अशाच काही कात्रणांनी झाला होता. ती बातमी हजारोंनी वाचली असेल. एकाने ती पुरावा म्हणून वाचली.